बर्फाच्या कांडीचं गाऱ्हाणं

मी बर्फाची कांडी बोलतेय. बर्फापासून बनलेली नाही हं! हे आधीच सांगून ठेवते, कारण माणसं अर्धंच ऐकतात आणि उरलेलं आपल्या मनानं लावतात. मी बनलेय रानटी सफरचंदाच्या फांदीची. बोटभर लांब, अंगठ्याएवढी रुंद, आणि अंगावर एक उभी रेघ. त्या रेघेचं नाव 'ईस', म्हणजे बर्फ. बस्स, एवढाच माझा अर्थ. एवढ्याशा अर्थापायी माणसांनी माझ्या डोक्याला जो ताप दिलाय, तो ऐकलात तर तुम्हीही कपाळावर हात मारून घ्याल.

मला घडवलं हालबेराआत्यानं. ती सगळ्या खाडीची आत्या. खरं तर ती वेमुंद आणि स्काप्ती या दोघा भावांच्या बापाची बहीण, पण पलीकडच्या काठावरची पांढऱ्या दाढीची म्हातारीसुद्धा... थांबा, चुकले, पांढऱ्या दाढीचे म्हातारेसुद्धा तिला आत्याच म्हणायचे. तिनं घरामागच्या सफरचंदाची एक फळती फांदी तोडली, तिचे सोळा तुकडे केले आणि प्रत्येकावर एकेक रून, म्हणजे आमच्याकडचं जुनं अक्षर, कोरली. मग स्वतःच्या अंगठ्याला सुरीचं टोक लावून रेघा रक्तानं लाल केल्या. ते रक्त कधीच पुसून गेलं. रेघ तेवढी राहिली.

आम्ही सोळा जणी एका चामड्याच्या पिशवीत राहायचो. पहिली गुरांची, म्हणजे धनदौलतीची. तिचा तोरा काय विचारता! ती निघाली की माणसं तिचा मुका घ्यायची. मग राक्षसाची, प्रवासाची, गारांची, नडीची, सुगीची, सूर्याची, माणसाची, पाण्याची. एक तर नुसत्या गळवाची. हो, गळवाची! तिचा अर्थच मुळी गळू. तिला बिचारीला कुणी कधी हसून हातात घेतलं नाही. त्या मानानं माझं बरं होतं म्हणायचं.

रीत अशी. अंगणात पांढरं तागाचं कापड पसरायचं. आत्या पिशवी हलवायची, आम्हाला त्यावर ओतायची, तोंड आभाळाकडे करायची आणि न बघता तीन कांड्या उचलायची. त्या तिघींवरून प्रश्नाचं उत्तर. आणि एक सक्त नियम: एकदा विचारलेला प्रश्न पुन्हा सूर्य उगवेपर्यंत विचारायचा नाही. उत्तर आवडो, न आवडो.

आता हा नियम माणसं कसा पाळतात ते ऐका. शेजारचा ओस्पाक एकदा आला. "आत्या, तांबडी गाय विकू का?" तिसरी कांडी मी निघाले. आत्या म्हणाली, "बर्फ. आहे तिथं राहू दे. विकू नकोस." ओस्पाकनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "बरं आत्या, विकत नाही. पण समज, गाय देऊन टाकली आणि त्या माणसानं खुशीनं घोडी दिली, तर?"

"तर तू गाढव," आत्या म्हणाली आणि पिशवीची नाडी आवळली. त्यानं गाय दिलीच. घोडी लंगडी निघाली. मग वर्षभर तो खाडीभर सांगत फिरला, की बर्फाची कांडी अपशकुनी आहे!

सांगा आता, यात माझा काय दोष? माझ्या अंगावर एक रेघ आहे. ती उलटी धरा, सुलटी धरा, तीच दिसते. पण कोळ्याच्या प्रश्नाला मी निघाले की अर्थ 'घरी बस'. शिकाऱ्याच्या प्रश्नाला निघाले की अर्थ 'नीघ, तळं गोठलंय, वरून चालत जाशील'. एका नव्या नवरीला मी निघाले, तर ती रडायलाच लागली. का? तर म्हणे सासू थंड स्वभावाची असणार! सासू थंडच होती, पण ते सांगायला कांडी कशाला हवी? तिच्या घरी एकदा जेवून आलात तरी कळलं असतं.

असो. हे सगळं मी चाळीस वर्षं सोसलं. पण वेमुंदच्या प्रकरणानंतर मात्र माझा संयम संपला.

वेमुंद थोरला भाऊ. बापामागं घराची मानाची बैठक त्याची. नक्षीदार खांबांच्या मधली ती उंच बैठक, घराचा मालक तिथं बसतो, दुसरं कुणी नाही. त्याची बायको आस्वोर. उंच, हाडापेरानं मजबूत, जेवढ्यास तेवढं बोलणारी. कमरेला घरच्या किल्ल्या. मूलबाळ नव्हतं त्यांना. पण दोघं विस्तवापाशी शेजारी बसून लोकर निवडायची, तेव्हा बघत राहावंसं वाटायचं. लोकर निवडणं हे बाईचं काम म्हणून ओस्पाक वेमुंदला हसायचा. वेमुंद म्हणायचा, "तुझी बायको तुला जवळ बसू देत नाही, त्याला मी काय करू?"

हा वेमुंद एका वसंतात जहाज घेऊन पश्चिमेच्या बेटांकडे व्यापाराला गेला. पानगळीपर्यंत येतो म्हणाला होता. आला नाही. दुसरा उन्हाळा गेला, तरी नाही. जहाजाची ना फळी आली, ना बातमी.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की मालक मेला तरी वारसानं लगेच बैठकीवर चढायचं नाही. आधी मेलेल्याच्या नावानं सातूची दारू गाळायची, सगळी खाडी जेवायला बोलवायची. वारसानं तोवर बैठकीखालच्या पायरीवर बसायचं. मग पेला आला की उभं राहून तो प्यायचा आणि वर चढायचं. पेला प्याला नाही, तोवर मेलेला माणूसच मालक. आणि वेमुंद मेलाय की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मग धाकटा स्काप्ती बसला पायरीवर. एक नाही, दोन नाही, तब्बल दोन हिवाळे!

स्काप्ती अंगानं अस्वलाएवढा आणि पायरी टीचभर. त्याची बायको ग्यूरिद भरल्या घरात त्याला बोलायची, "गुडघे हनुवटीला लागले तुमचे. अजून एक वर्ष बसा, म्हणजे कायमचे तसेच राहाल. मुलं काय म्हणतील, बाप जन्मला तो असा दुमडूनच?"

तो बिचारा लाल व्हायचा. वाईट नव्हता हो तो. शेतं तोच नांगरत होता, मेंढ्या तोच कातरत होता, गडी त्याचं ऐकत होते. फक्त संध्याकाळी घरात आला की पायरीवर. त्या उन्हाळ्यात अखेर त्यानं विषय काढलाच.

"वहिनी, दारू गाळायला हवी आता."

"कुणाच्या नावानं?" आस्वोरनं विचारलं.

"दादाच्या."

"भावजी, प्रेत दाखवा, उद्या सातू भिजत घालते. प्रेत नाही, बातमी नाही, आणि पेला कसला पिताय?"

"मग तो येईतोवर मी पायरीवरच म्हातारा होऊ?"

"तो आल्यावर उठा की! इतकी घाई कसली?"

तिचं काय पणाला लागलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पेला प्यायला गेला, की किल्ल्या ग्यूरिदच्या कमरेला आणि आस्वोर भावाच्या घरी, वहिनीच्या हाताखाली. पण खरं सांगू? किल्ल्यांचं तिला एवढं नव्हतं. पेला प्यायला की वेमुंद मेला. मग कुणी वाटसुद्धा बघायची नाही. तिला वाट बघायची होती, एवढंच.

भांडण वाढलं. शेवटी ओस्पाकनं तोंड घातलं, "कांड्यांना विचारा ना! त्यासाठीच आहेत त्या." झालं! जो माणूस गाईच्या वेळी आमचं ऐकत नाही, तो दुसऱ्याच्या नवऱ्याच्या वेळी आमच्यावर विश्वास ठेवा म्हणतो. पण दोघांनीही होकार दिला. दिवस ठरला. 'वेमुंद जिवंत आहे का' एवढाच प्रश्न. जे निघेल ते मान्य, अशी दोघांनी गडगडाटाच्या देवाच्या, थोरच्या नावानं शपथ घेतली.

आदल्या दिवशी दुपारी आत्या भिंतीला टेकून उन्हात डुलक्या घेत होती. पिशवी आत खुंटीला. स्काप्ती आला, इकडेतिकडे बघितलं, पिशवीत हात घातला आणि एकेक कांडी बाहेर काढून बघत बघत मला धरलं. मला वाटलं, बघायचंय त्याला. बघ बाबा. पण त्यानं सुरी काढली!

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. पाण्याची रून म्हणजे माझ्यासारखीच उभी रेघ, वरच्या टोकाला एक तिरका फाटा. बास, तेवढाच फरक. त्या अस्वलानं माझ्या टोकाला एक फाटा काढला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या अंगाला सुरी लावली, आणि तीही चोरून. वर चुलीतली काजळी त्यात चोळली, म्हणजे जुनं दिसावं. आता पिशवीत बर्फ एकही नाही, पाणी दोनदा. बर्फ निघाला असता तर आस्वोर म्हणाली असती 'अडकलाय, येईल'. पाणी निघालं की बुडाला, विषय संपला. हिशेब साधा होता.

एवढी अक्कल त्यानं मेंढ्यांच्या गोठ्याला दार लावण्यात खर्च केली असती, तर दोन कोकरं वाचली असती त्या साली!

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी खाडी अंगणात. कापड पसरलं. आत्याचे डोळे दहा वर्षांपूर्वीच दुधासारखे झाले होते. ती आम्हाला अंगठ्यानं वाचायची. स्काप्तीला ते माहीत होतं, त्यानंच तर लहानपणी तिचं बोट धरून... नाही, तिनं त्याचं बोट धरून त्याला चालायला शिकवलं होतं. आई गेलेलं ते पोर तिनंच वाढवलेलं. त्याला वाटलं, अंगठ्याला रेघ लागेल, फाटा लागेल, आत्या 'पाणी' म्हणेल. पण त्याच्या डोक्यात आलं नाही, की चाळीस वर्षं चोळून चोळून आमच्या रेघांच्या कडा गोट्यासारख्या गुळगुळीत झाल्यात. आणि कालच्या सुरीची कड बोचते.

आत्यानं आम्हाला ओतलं, तोंड वर केलं. पहिली कांडी. "प्रवास." लोकांनी माना डोलावल्या. प्रवासाला गेलाय हे ठाऊकच होतं. दुसरी. "नड." आस्वोरनं ओठ घट्ट मिटले. तिसरी मी.

अंगठा माझ्यावरून फिरला. रेघ. मग फाटा. मग पुन्हा फाटा. आणि थांबला. मला कळलं की तिला कळलं. आणि कुणाचं काम आहे तेही कळलं असणार. मी जीव तोडून ओरडत होते, 'अगं, बोल! सांग सगळ्यांना!' पण कांडीचं ओरडणं ऐकतंय कोण? कांडीनं न म्हटलेलं मात्र सगळ्यांना ऐकू येतं.

आत्यानं मला मुठीत मिटलं आणि शांतपणे म्हणाली, "बर्फ."

आस्वोरच्या तोंडून हुंदका आला. "म्हणजे अडकलाय! कुठंतरी अडकून पडलाय तो! येईल!"

"बर्फ कसा निघेल?" स्काप्ती मागून ओरडला. "बर्फ पिशवीत नाहीच!"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मेंढी ओरडली तेवढीच. आणि मग त्या ओस्पाकनं, ज्याला आयुष्यात कधी काही वेळेवर सुचलं नाही, त्यानं विचारलं, "ते तुला कसं माहीत?"

आत्यानं मूठ उघडली. मी होते तिच्या तळव्यावर, काजळी माखलेली, फाट्यासकट. सगळ्यांनी वाकून पाहिलं.

"पाणी हवं होतं, तर मला सांगायचंस," आत्या म्हणाली. "घागरभर आणून डोक्यावर ओतलं असतं तुझ्या." कुणी तरी फस्सकन हसलं. पण आत्या रडत होती. "मांडीवर वाढवलं रे तुला मी. मला आंधळीला फसवायला निघालास? माझ्याच अंगठ्याला?"

स्काप्ती मटकन खाली बसला. "मी थकलोय आत्या," एवढंच म्हणाला. "पायरीवर बसून थकलोय."

कांड्यांना सुरी लावणाऱ्याला आमच्याकडे माफी नाही. पुरं एक वर्ष त्यानं दाराजवळच्या बाकावर बसायचं ठरलं, जिथं वारा लागतो आणि गडीसुद्धा बसायला नाखूश असतात. वेमुंदचा प्रश्न वर्षभर कुणी काढायचा नाही. किल्ल्या आस्वोरकडे राहिल्या.

त्या दिवशी सगळे गेल्यावर आस्वोर आत्याजवळ आली. "आत्याबाई, पण बर्फच होता ना? आधीची कांडी तर बर्फाचीच होती ना?"

"बाई गं, ते मी त्याला पकडायला म्हटलं. ही कांडी बिघडली. ती आता काहीच सांगत नाही."

"पण बिघडायच्या आधी ती बर्फाचीच होती," आस्वोर म्हणाली.

बघा! शहाणीसुरती बाई, पण हिनंही हवं तेवढंच ऐकलं. मला तिचाही राग आला. रोज ती टेकाडावर जाऊन खाडीच्या तोंडाकडे बघत बसायची. वेमुंदचा अंगरखा धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवायची. अगं, मी काही म्हटलं नाही गं! मी लाकूड आहे! पण सांगायचं कसं?

आत्यानं नवी बर्फाची कांडी कोरली. मला दोरीत ओवून तिनं विस्तवावरच्या तुळईला टांगलं, सगळ्यांना आठवण राहावी म्हणून. धूर खात मी वर्षभर लोंबकळले. सुक्या माशांच्या शेजारी! चाळीस वर्षांच्या सेवेचं हे फळ.

पुढच्या उन्हाळ्यात एक माणूस दारात आला. दाढी वाढलेली, एक हात अधू. बर्सी त्याचं नाव, वेमुंदच्या जहाजावरचा, एवढी वर्षं परक्या मुलखात अडकलेला. त्याला विस्तवापाशी बसवलं, ताकाचा मोगा दिला. बघता बघता घर माणसांनी भरलं. आस्वोर पेज ढवळत होती. ती ढवळतच राहिली, वळली नाही.

"जहाज बेटांशी पोचलंच नाही," बर्सी म्हणाला. "जातानाच भरकटलो, महिने काढले एका खडकाळ किनाऱ्यावर, मग त्याच पहिल्या पानगळीत तिथून निघालो आणि वादळानं गाठलं. मला वल्हं सापडलं. वेमुंदला नाही. तो माझ्या डोळ्यांदेखत पाण्याखाली गेला. जाताना त्यानं वहिनीसाठी..."

"पाणी!" ओस्पाक ताडकन उभा राहिला. "कांडीनं सांगितलं होतं! पाणी!"

आणि घर उसळलं. "पाणीच निघालं होतं!" "फाटा होता की नाही?" "वर्षभर आधी सांगितलं कांडीनं!" सगळे माझ्याकडे बोटं दाखवत होते. डोळे विस्फारलेले, तोंडं आनंदानं फुललेली. होय, आनंदानं! एक माणूस बुडाल्याची बातमी आली होती आणि घरातला पहिला आवाज होता तो जिंकल्याचा.

अहो, ते खोटं होतं! ते एका थकलेल्या माणसानं सुरीनं कोरलं होतं! योगायोगानं खरं ठरलं म्हणून त्याची भविष्यवाणी होत नाही! पण कोण ऐकणार? स्काप्ती दाराजवळच्या बाकावरून उठला. चेहरा पांढराफटक. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत म्हणाला, "मी नाही कोरलं ते. देवांच्या बापानं, ओदिननं माझा हात धरला होता." आणि लोकांनी ते मानलं! ज्यांनी त्याला दाराशी बसवलं होतं त्यांनीच त्याला हाताला धरून आत आणलं. मला वाटतं, त्यानं स्वतःही ते मानलं. भाऊ मेला, आणि आपण पाप केलं नव्हतं, हे दोन्ही त्याला एकाच क्षणी कळलं. कशासाठी रडतोय हे त्याचं त्याला उमगत नव्हतं.

पेज करपल्याचा वास येत होता. आस्वोर डाव हातात धरून उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. आत्याला दिसत नव्हतं, पण तिनंच वासावरून ओळखलं आणि चाचपडत जाऊन तिच्या हातातला डाव काढून घेतला.

दारू गाळली गेली. स्काप्ती पेला प्याला आणि बैठकीवर चढला. किल्ल्या ग्यूरिदच्या कमरेला गेल्या. आणि मी? मला तुळईवरून काढून मानाच्या खांबावर टांगलं. तीन खाड्या ओलांडून माणसं मला बघायला यायला लागली. लोणी आणायची, लोकर आणायची, लेकरांचे हात माझ्यावर टेकवायची. ज्या कांडीनं काहीच सांगितलं नाही, तिची पूजा! आणि माझ्या पंधरा बहिणी पिशवीत, त्यांना कुणी विचारेना. गळवाच्या कांडीचा मला पहिल्यांदा हेवा वाटला.

आस्वोरला न्यायला तिचा भाऊ होडी घेऊन येणार होता. त्या सकाळी बर्सी विस्तवापाशी मोजे वाळवत बसला होता. ती त्याच्यापुढं येऊन बसली.

"बर्सी, त्या दिवशी तुझं बोलणं राहिलं. जाताना त्यानं माझ्यासाठी काय म्हटलं?"

बर्सीनं मोजा हातात पिळला. "वहिनी, तो ओरडला, 'आस्वोरला सांग...' आणि मग लाट आली. पुढचं मला ऐकू आलं नाही. खूप प्रयत्न केला मी. शप्पथ."

तिनं त्याच्या हातातला मोजा काढून घेतला आणि विस्तवापाशी नीट पसरला. मग उठून आत्याकडे गेली. "आत्याबाई, या घरातून मला दुसरं काही नको. ती कांडी द्या."

ग्यूरिद लगेच पुढं आली. "वा गं वा! लोक लांबून येतात तिच्यासाठी."

"म्हणूनच देते," आत्या म्हणाली. स्वतः चाचपडत खांबापाशी गेली, मला खाली काढलं आणि आस्वोरच्या मुठीत दाबलं. "घे. माझ्या हातून एक तरी बरं काम होऊ दे. त्या दिवशी 'बर्फ' म्हटलं मी. तुला वर्षभर वाट बघायला लावली. माफ कर मला."

"नका हो असं म्हणू," आस्वोर म्हणाली. "ते एक वर्ष तो माझ्यासाठी जिवंत होता."

होडी निघाली. तिचा भाऊ वल्हवत होता, बोलत नव्हता. शहाणा माणूस. खाडीच्या तोंडाशी, जिथून मोठा समुद्र सुरू होतो, तिथं ती म्हणाली, "थांबव थोडं." मला मुठीतून काढलं, तोंडाजवळ धरलं. मला वाटलं, आता ही पण विचारणार. तो सुखात आहे का? आम्ही पुन्हा भेटू का? झालं, पुन्हा तेच. मी वैतागून तयार झाले.

तिनं मला काही विचारलं नाही.

"सगळी तुलाच विचारतात," ती म्हणाली. "तू आता त्याला विचार. खाली जा. तो कुठं असेल तिथं जा आणि विचार, आस्वोरला काय सांगायचं होतं?" मग ती रडली. बातमी आल्यापासून पहिल्यांदा. ओठ टेकवले माझ्यावर आणि अलगद पाण्यात सोडलं.

अहो, चाळीस वर्षांत मला कुणी असं काम सांगितलं नव्हतं! माझा अर्थ लावला नाही, मला घाबरली नाही, मला देव केलं नाही. मला फक्त पाठवलं. आणि मला जायचं होतं हो! या एका कामासाठी मी तळापर्यंत गेले असते, चिखलात रुतले असते, मासळीच्या पोटातूनसुद्धा गेले असते.

पण मी सफरचंदाचं लाकूड. वाळून, धूर खाऊन हलकं झालेलं. मी तरंगते.

तिनं पाहिलं. मी तिच्या डोळ्यांसमोर होडीच्या बाजूला हलत राहिले. तिनं हातानं मला खाली दाबलं. मी वर आले. पुन्हा दाबलं. पुन्हा वर आले. मग तिच्या भावानं हळूच वल्हं मारलं आणि होडी पुढं गेली. ती मागं बघत राहिली, मी दिसेनाशी होईपर्यंत.

तेव्हापासून मी इथंच आहे, लाटांवर. फाटा झिजत चाललाय, रेघही झिजेल. मी कधी तुमच्या किनाऱ्याला लागले, तर हात जोडून सांगते, मला कापडावर टाकू नका. माझ्याकडून गाईचं, घोडीचं, सासूचं, कुणाचंच काही वदवू नका. एक दगड शोधा, जड. दोरीनं माझ्या अंगाला घट्ट बांधा. आणि किनाऱ्यावरून नाही, होडीनं आत जाऊन, जिथं पाणी काळं दिसतं तिथं मला सोडा. ती बाई उत्तराची वाट बघतेय.